तीन खणांचा डबा

परदेशीपुरा, इंदूर
गुरुवार, ४ मार्च १९५४

प्रिय अच्युत,

जानेवारीत तू महूहून आणलेलं गव्हाचं पोतं मी कीड लागली आहे म्हणून दारातूनच टांग्यात परत चढवलं, त्यानंतर आज पहिल्यांदा लिहितो आहे. गिरणी नाताळच्या आठवड्यापासून बंद ती बंदच. दहा आठवडे झाले. तरी रोज सकाळी फाटकापर्यंत जाऊन येतो. चौथी शिकलेला मी, शेजारी डिक्शनरी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचली आणि माग दुरुस्त करायला शिकलो. आता माग धूळ खातायत आणि माझी हत्यारंही.

तुझी वहिनी स्वयंपाकाआधी धान्यातली एक मूठ चर्चसाठी बाजूला काढते, हे तू पाहिलं आहेस. मी ती एकदा तोलली होती, चार तोळे भरली. गिरणी बंद झाल्यावर तिला म्हणालो, आता बस. ती म्हणाली, "मूठ लहान करीन, बंद नाही करणार." आणि काढत राहिली.

घरोघरच्या मुठी रविवारी ज्या डब्यात जमतात, तो मीच बनवलेला. गहू, ज्वारी, तांदूळ यांना तीन खण, पत्र्याचे सांधे कथलाचा डाग देऊन पक्के केलेले. पण बायका ऐकतील तर ना. हात जाईल तिथे ओततात. पाळकसाहेबांकडे मी दोनदा तक्रार केली आहे. महिनाअखेरीला तो डबा अडचणीतल्या एका घरी जातो.

गेल्या रविवारी चर्चमधल्या, डबा सांभाळणाऱ्या मंगलाबाई तो घेऊन आमच्या दारात. मला वाटलं झाकण अडकलं, म्हणून पक्कड घेऊन पुढे झालो. त्यांनी डबा उंबऱ्याच्या आत ठेवला. म्हणाल्या, "झाकण ठीक आहे, भिया. या महिन्याला तुमच्याकडे."

हाही परत पाठवला असता, पण कुणाच्या घरी? वहिनीनं सूप पुढे सरकवलं. "खण तुम्ही पाडलेत, निवडा आता." दुपारभर निवडत बसलो. गहू वेगळा झाला, ज्वारी वेगळी झाली. कुठला दाणा कुणाच्या घरचा, ते मात्र मला सांगता येईना. त्यात तिच्याही मुठी होत्या, ज्या मी थांबवायला निघालो होतो. तीस वर्षं जेवणाआधी देवाकडे भाकर मागतो आहे, आणि मनात कायम हेच, की आणतो तर मी. त्या दिवशी पहिल्यांदा खरंच मागितली. गिरणीचं काही कळत नाही, पण फाटकावरून परतताना आता मान खाली जात नाही.

अच्युत, तुझ्या गव्हाला कीड नव्हती. मी नीट पाहिला होता, एक दाणा किडका नव्हता. पोत्यावर तुझं नाव रंगवलेलं होतं, आणि धाकट्याचं नाव माझ्या घरात येताना मला बघवेना. टांगेवाल्यासमोर मी खोटं बोललो. शालिनीनं तो गहू अजून दळला नसेल, तर ईस्टरला, १८ एप्रिलला, पोतं घेऊन दोघं या. नाव पुसू नकोस. त्यातली पहिली मूठ डब्यासाठी मी काढीन, चार तोळ्यांची, गव्हाच्या खणात.

तुझाच,
दादा