अर्धी ओळ

राजेंद्र नगर, इंदूर
रविवार, दुपार

प्रिय मंजू,

गुरुवारी देवांशच्या कानांची तपासणी झाली आणि दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हे भूषणने तुला फोनवर सांगितलंच आहे. त्यावर तू मला विचारलंस, बाबा, तुमच्या हे कधी लक्षात आलं? आणि मी ‘आवाज कटतोय’ म्हणून फोन तुझ्या भावाच्या हाती दिला. आवाज कटत नव्हता, बेटा. तीन दिवस हा कागद पुढ्यात घेऊन बसतो आणि खिडकीतल्या कडुलिंबाकडे बघत राहतो. धडा पाठ न झालेल्या मुलासारखा.

संक्रांतीला त्याचं बोरन्हाण केलं, तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. काळं झबलं, हलव्याचा मुकुट. गोधडीवर राजासारखा बसवला आणि पूर्वाने डोक्यावरून बोरं नि कुरमुऱ्यांसारखे परमल ओतले. कॉलनीतली पोरं तुटून पडली. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात, मदतीला आलेल्या निधीच्या हातून स्टीलची परात पडली. काय तो आवाज! पोरं दचकली, आईच्या कडेवरची छोटी पलक भोकाड पसरून रडली. देवांश मात्र मांडीवरचं बोर निरखत राहिला. शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या, “अरे भिया, ये तो बड़ा हिम्मतवाला निकला!” सगळे हसले. पूर्वा हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, होळकरांच्या फौजेतलं रक्त आहे सूनबाई, तोफेलाही भ्यायचं नाही. मग तीही हसली. मंजू, ते तिचं हसू मला आता झोपू देत नाही.

तुला ठाऊक आहे, माझ्या मराठीच्या तासाला एके काळी बेचाळीस मुलं असायची. शेवटच्या वर्षी चार उरली. घरात कविता म्हणायला लागलो की भूषण म्हणतो, “बाबा, प्लीज, मीटिंग चालू आहे.” ऐकणारा एकटा देवांश. रोज संध्याकाळी त्याला आपल्या बैठकीतल्या जुन्या लाकडी तख्तावर बसवायचो, शेजारी मी. चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणत तख्तावर ताल धरायचा, वर्गात टेबलावर धरायचो तसाच. तो डुलायचा, हसायचा, थांबलो की माझा हात ओढायचा. मला वाटे, याच्या रक्तात छंद आहे. हा माझा पाचवा विद्यार्थी, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो.

पूर्वा मात्र विसरली नव्हती. होळीच्या सुमारास म्हणाली, “बाबा, याला आवाज दिला तर पलटत नाही हो. आधी बाबाबा करायचा, आता तेही बंद झालं.” भूषण म्हणाला, घरात मराठी, बाहेर हिंदी, कामवालीची माळवी, बेचारा कन्फ्यूज होतो, और क्या. मी त्याची री ओढली. तरी मनात परात वाजत होती, म्हणून तुला फोन केला. तू समजावून सांगितलंस, खुळखुळा पाठीमागून वाजवा, त्याला दिसता कामा नये, नुसत्या आवाजाला वळतो का ते बघा. मी वाजवला. तो वळला! आनंदाने तुला कळवलं.

वैशाखात तख्त पॉलिशला गेलं आणि आम्ही जमिनीवर गादीवर बसू लागलो. कविता तीच, आवाज तोच. देवांश माझ्याकडे पाठ करून आपलं झबलं ओढत बसला. मी मोठ्याने म्हटलं. ओरडून म्हटलं. मग एकदम उमगलं, की खुळखुळा वाजवला तेव्हाही तो तख्तावर होता, आणि सवयीने माझ्या दुसऱ्या हाताची बोटं लाकडावर ताल धरत होती. पोर लाकडातून येणारी थरथर ऐकत होतं. माझी एकही ओळ त्याच्यापर्यंत कधी पोचली नव्हती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन महिने गप्प राहिलो. तख्त परत आलं, मी पुन्हा ताल धरला, तो पुन्हा डुलला. उद्या सांगू, परवा सांगू. सांगितलं असतं तर माझा शेवटचा श्रोताही गेला असता ना. डॉक्टर म्हणाले, आधी कानाला मशीन लावू, पुढे कदाचित ऑपरेशन, पण बोलणं शिकायच्या वयातला एकेक महिना मोलाचा असतो. अखेर पूर्वानेच हट्ट धरून त्याला नेलं, कुणाचंही न ऐकता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तीन दिवस पूर्वा तुझा फोन उचलत नाही. तुला वाटत असेल, दुःखात आहे. तसं नाही. गुरुवारी गाडीत ती म्हणाली, “ताई इतकी वर्षं बच्चों के वॉर्ड में हैं, आणि म्हणे काही नाही, घाबरू नकोस.” होळीच्या त्या फोनवर तू म्हणाली होतीस, वळला असेल तर घाबरू नका, पण मशीनवर एकदा तपासून घ्याच. पूर्वाला मी तुझ्या नावाने पहिला अर्धाच भाग सांगितला. जन्मभर मुलांना दटावलं की ओळ मध्येच तोडू नये, अर्थ मरतो. गाडीत मी मागच्या सीटवर होतो, तिचा शब्दन् शब्द ऐकला, आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. उद्या सकाळी तिला उरलेली अर्धी ओळ सांगणार आहे. त्यानंतर तिचा फोन येईल. तेव्हा, मंजू, माझी बाजू घेऊ नकोस.

तुझाच,
बाबा