हिराबाईच्या कॅसेटीत आमची मंदा

८ जाने. ९६
मुरबाडच्या शाळेत गुरुजी टेबलावर पट्टी आपटत, नि आम्ही पोरं एका दमात कविता म्हणत असू. टक्, टक्-टक्. पन्नास वर्षं झाली, आवाज जात नाही. आज म्हसा गावच्या जत्रेत, घोंगड्यांच्या रांगेत, तोच ठेका. ढोलकीवर. कॅसेटवाल्याकडे. आणि गाणारी हिराबाई! आपल्याकडे हळदीला हिलाच बोलावतात. मांडवात बसल्या बसल्या गाणं रचते. तिची कॅसेट? वर फोटोसुद्धा, नथ घालून.
"घ्या बाबा, पार कल्याणपर्यंत हिचीच हवा हाय."
घेतली.

९ जाने.
दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं आमच्या लेकीच्या, मं.च्या हळदीचं. (नाव पुरतं लिहवत नाही.) अशा गाण्यात नवरीचं, आईबापाचं नाव गुंफतात, ते इथे तसंच ठेवलंय. माझंसुद्धा. बारा वर्षांपूर्वी अंगाला हळद लागलेली पोर पहाटे गेली, भातसानगरच्या कुणा जीप ड्रायव्हरबरोबर. माझ्या लेखी तेव्हाच मेली. आता लग्नालग्नात लाउडस्पीकरवर तिचं नाव.
आणि शेवटचं कडवं त्या दिवशीचं नाही, मागाहून जोडलेलं:
मागल्या दारी माय उभी, हाती भाकर बांधून गो,
जा माझे बाय, उजाडाय आधी, बघू नको वळून गो.
चारदा मागे फिरवून ऐकलं. माय!

१० जाने.
घरी हिला, मं.च्या आईला, विचारलं. तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.
"व्हय. मीच कडी काढली."
"मला का नाही सांगितलंस?"
"पोर तीनदा बोलली तुमाला, ह्यो नवरा नको. तुमी मंगलाष्टकांची यमकं जुळवत होता."
खरं आहे. छापून आणली होती. गुलाबी कागदावर.


२ मे ९८
हि.बाईची दुसरी कॅसेट. लोकांनी मागितलं म्हणून तेच गाणं पुन्हा, पण कडवं नवं. बायच्या अंगणी दोन लेकी, आजाचं नाव इचारती गो.
दोन! म्हणजे ही बाई तिला भेटते. मला नाती आहेत, हे मला शहापूर स्टँडवरच्या पानटपरीत कळावं. बस समोरून गेली, चढलो नाही.

५ मे
मुरबाडला हि.बाईकडे. निरोप म्हणून आठ ओळी नेल्या, शार्दूलविक्रीडितात. म्हणून दाखवल्या. ती खो खो हसली.
"तात्या, तुमची ओळ लय ताठ चालते. माझ्या ढोलकीत बसायची नाय. सरळ बोला ना, ये म्हणून."
कागदाची घडी करून खिशात घातली. ये म्हणालो नाही.

१९ नोव्हें. २०००
पुन्हा गेलो. उभ्यानेच बोललो, "मंदाला सांगा, ये."
हि.बाई बघतच राहिली. "येक अक्षर! त्याला अडीच वर्सं? बरं. तिसरी कॅसेट करतेय. त्यात घालते."
येताना रस्ताभर शाळेतल्या कविता म्हणत आलो. लोक बघत होते. बघोत.

११ फेब्रु. ०१
तिसरी कॅसेट आली. मंदाचं गाणं नाही. दोन्ही बाजू तीनदा ऐकल्या, ही शेजारी बसून. नाहीच. कव्हरवरही नाही. हि.बाईच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणे, कुठं गेली ठाव नाय.
ही हळूच म्हणाली, "नवरी वारली, की मग तिचं गाणं कोण म्हनत नाय."
हिनं चूल पेटवलीच नाही. मी पेटवली.

१३ फेब्रु.
सकाळ. ओटीवर बसून लिहितोय. लिहिण्यासारखं काही नाही. कुंपणाच्या बेड्याशी कुणी माणूस उभा आहे. केस पिकलेले, माझ्या ओळखीचा नव्हे. कुणाचं घर शोधतोय की काय. पण ही पदर सावरत पुढे झाली.
"जावई?"
त्यानं मान हलवली, चपला काढल्या. एकटाच आहे. मंदा नाही.