आठव्या क्रमांकाचा संघ

अण्णा, तुमचा नातू रशियात डॉक्टरकी शिकायला गेलाय, आणि मागच्या आठवड्यात तो माझ्या हातून जवळजवळ गेलाच होता. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. भूकंपाच्या त्या पहाटे घराच्या भिंती तुमच्यावर आणि आईवर आल्या, तेव्हा मी लातूरला हॉस्टेलवर होते. आज हे सांगायला दुसरं कुणी सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहायलेय.

तुमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात लोक बातम्या ऐकायला यायचे आणि तुम्ही शॉर्टवेव्हवर मॉस्कोचं हिंदी प्रसारण लावून बर्फावरच्या हॉकीचे निकाल शोधत बसायचात. आपण बर्फ पाहिलेला तो रसवंतीवाल्याच्या पेटीत, भुशात गुंडाळलेला. एक दिवस आई स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी धुतेय आणि तुम्ही त्या ओल्या फरशीवर डबीचं झाकण उलथण्यानं सरकवताय. "बघ गं पोरी, ह्याच्यात चेंडू नसतो, रबराची चकती असती. एका बाजूला सहा गडी, पायात पात्याचे बूट." आई ओरडते, "उलथणं द्या इकडं, भाकर करपायली!" तुम्ही हसत सांगत राहता, की महायुद्ध संपल्यावर ही लीग सुरू झाली, आणि लष्कराचा संघच बहुतेक वर्षी जिंकतो, कारण चांगला गडी दिसला की त्याला सैन्यात भरती करून घेतात. "सगळ्या मॅचचे गुण मोजायचे. ज्याचे लई, तो पहिला. मागं पडला त्याचं वर्ष गेलं." पुढे तो देशच फुटला. रीगा, कीव्ह, मिन्स्क इथले संघ परदेशात गेले. तुम्ही पेचकस हातात धरून म्हणालात, "आता कोण कुणासंगं खेळायचं?" त्याचं उत्तर मिळायच्या आत तुम्ही गेलात.

दगडांखालून तुम्ही दुपारपर्यंत बोलत होता, असं शेजारच्या काकूंनी मला सांगितलं. बाहेर काढलं तेव्हा डॉक्टर मिळाला नाही. तेव्हापासून मला घरात एक डॉक्टर हवा होता. लातूरभर क्लासेस झाले, गल्लोगल्ली मुलांच्या खोल्या झाल्या, आणि मी माझ्या पोराला त्या रांगेत उभं केलं. दोनदा त्यानं डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली, जागा मिळाली नाही. मग रशिया. कॉलनीनं चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावला, 'भावी डॉक्टर' म्हणून.

मागच्या आठवड्यात दुपारी त्याचा फोन आला. आवाज सपाट. "आई, सगळे विषय राहिले. वर्गात जाणं मी कधीच सोडलंय. इथली नदी गोठलेली आहे, रोज तिच्यावर मधोमध चालत जातो. आता तिथला बर्फ पातळ व्हायलाय." धीर धर, देवाचं नाव घे, असं म्हटलं की तो फोन ठेवून द्यायचा, हे मला ठाऊक होतं. मग तोंडातून काय निघावं? "तिथं हॉकीची मोठी लीग असते ना रे? अजून लष्कराचाच संघ जिंकतो का?"

त्यानं विचारलं, "तुला कसं माहीत?"

"तुझ्या आजोबांनी शिकवलं. सांग की."

तो सांगू लागला. जुनी लीग गेली, आता नवी आहे, तिच्यात कझाकस्तान, बेलारूस, चीनचेसुद्धा संघ. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, प्रत्येकातून आठ संघ बाद फेरीत. पहिला आठव्याशी खेळतो, जो आधी चार सामने जिंकेल तो पुढं. अंतराळात पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या नावाचा चषक.

"आणि आठव्याचे आधीचे गुण?"

"ते नाही धरत आई. दोघंही शून्यापासून."

"बरोबरी झाली तर?"

"गोल होईपर्यंत खेळत राहायचं. आज संध्याकाळी इथंच एक मॅच आहे."

मी विचारत राहिले, सुचेल ते, तोंडाला कोरड पडेपर्यंत. शेवटी म्हटलं, "आजची मॅच तिथं जाऊन बघ. तिथून मला फोन कर. नदीकडं जाऊ नको, माझ्या राजा." "हाव," म्हणाला. लगेच मी त्याच्या खोलीतल्या नायगावच्या मुलाला फोन लावून रडले, त्याला एकटं सोडू नको म्हणाले. त्यानं सोडलं नाही. संध्याकाळी स्टेडियममधून फोन आला, मागं एवढा गोंगाट की शब्द कळेना, आणि मी देवघरासमोर फोन कानाला लावून नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आई, हे सोडून मी घरी येऊ का?" मी ये म्हणाले.

हा कागद पाठवू कुठं? गाव नव्या जागी वसलं, तुम्ही जुन्या जागी राहिलात. सकाळी ह्यांना सांगितलं, तर "सगळं वाया गेलं" म्हणत त्यांनी ताट बाजूला सारलं. मीही मान खाली घालून बसले. पण अण्णा, त्यांच्यासमोर मला दुःखी दिसावं लागतंय. मला दुःख झालेलं नाही.