पानभर जाहिरात आणि मागचा बाक

शनिवार, ५ जुलै

मागच्या बाकावरच बसलो! बावीस वर्षांपूर्वी एमबीए अर्धवट टाकून पेपरात शिरलो होतो, आज एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा मॅनेजमेंटच्या वर्गात — आणि जागा तीच. बातमीदाराला मागची जागा बरी. सगळे दिसतात, आपण कुणाला दिसत नाही.

राजनंदिनी मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. ओळखपाळख नाही, थेट प्रश्न — "तुम्ही पेपरचे मालक आहात. उद्या साखर कारखान्याच्या चेअरमनच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आहे. त्याच कारखान्याच्या वजनकाट्यात खोट असल्याची पक्की बातमी आत्ता हाती आलीय. काय कराल?"

अरे, हा तर माझा प्रश्न! उठलो. शेतकऱ्यांचं म्हणणं, कारखान्याच्या सूत्रांचं म्हणणं, एकीकडे पेपरचा खर्च, दुसरीकडे वाचकांचा विश्वास... चांगला रंगलो होतो.

"छान बातमी दिलीत," मॅडम म्हणाल्या. "निर्णय काय?"

वर्ग हसला. मीही हसलो. वाईट हसलो.

मग आमच्याच पेपरच्या जाहिरात विभागातला संग्राम उठला. "बातमी पहिल्या पानावर, मॅडम. जाहिरात गेली तर जाऊ दे. चेअरमनला तोंड द्यायला मी जातो की."

टाळ्या! जाहिरातवाल्याला!

रविवार, ६ जुलै

असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांत दोष शोधणं — संस्कृतच्या गुरुजींनी पाठ करून घेतलं होतं. व्याख्या तोंडपाठ, उदाहरण काल मिळालं. दिवसभर शोधतोय. संग्रामचा शर्ट भडक. बुलेटचा आवाज असभ्य. बाकी शोध चालू.

आमचे आवृत्तीप्रमुख दिवाळीला निवृत्त होणार. अमरसिंहसाहेबांनी, म्हणजे मालकांनी, म्हणूनच आम्हा दोघांची फी भरली. खुर्ची एक. मी ती वर्षानुवर्षं बघतोय. तिचं पॉलिश कुठं उडालंय तेही ठाऊक आहे.

क्रांतीला वर्गातलं सांगितलं. बायको म्हणून बाजू घेईल वाटलं होतं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मग तुम्ही का न्हाय बोललासा तसं?"

जेवण कडू लागलं.

मंगळवार, ८ जुलै

सुचलं! साहेबांच्या कानावर सहज घालायचं — "संग्राम भर वर्गात म्हणाला, जाहिरात गेली तर जाऊ दे." शब्दशः खरं. एक अक्षर पदरचं नाही. मालकाला एवढं पुरे.

दुपारी केबिनपर्यंत गेलो. साहेब मलकापूरला गेलेले. बरं वाटलं. का वाटलं, कोण जाणे.

शुक्रवार, ११ जुलै

स्कूटरनं दगा दिला. संग्राम बुलेट घेऊन हजर — "बसा सर, सोडतो बावड्यात घरी." बसलो. मत्सराला मागच्या सीटवर बसून धरायला काही नसतं, संग्रामच्या खांद्याशिवाय.

वाटेत चहा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, बरंच आधी ठरवून आला होतास उत्तर?"

"न्हाय ओ. मला वाटलं तुम्ही बोलणार. बातमी तुमची ना! म्हणून थांबलो हुतो की. तुम्ही बसलासा, मग उठलो."

चहा पोळला. पैसेही त्यानंच दिले, मेल्यानं!

शनिवार, १२ जुलै

वर्गाला निघताना साहेबांचा फोन. "खुर्चीवर कुणाला बसवू? तुम्ही जुने. आडपडदा नको."

कानावर घालायचं वाक्य तयार होतं. एकीकडे-दुसरीकडेही तयार होतं.

"संग्रामला," म्हणालो. पुढे बातमीतलं 'असे समजते' लावलं नाही.

पोटात अजून दुखतंय. पण आज पुढच्या बाकावर बसलो.