शनिवारचा कप्पा

आदरणीय व्हर्नाताईंस,

हिल्मरचा नमस्कार. फोन केला की तुम्ही ठेवून देता, म्हणून हे पत्र. तुमचा गुडघा आणि कोंबड्या बऱ्या असतील. (गुडघ्याची चौकशी मनापासून, कोंबड्यांची रीत म्हणून.) इकडे टेकड्यांवर सीडरच्या झाडांच्या परागांचा पिवळा धूर उठलाय, निम्मं गाव नाक धरून बसलंय आणि शिंकून शिंकून माझ्या बरगड्या दुखतायत.

लोरीनच्या अंत्यविधीला तुम्ही आपल्या या धाकट्या बहिणीबद्दल बोलत होतात आणि मी पहिल्या बाकावर घोरत होतो, हे खरं. डोळ्यांत टिपूस नव्हता, हेही खरं. मग जेवणाच्या हॉलमध्ये, बटाट्याच्या सॅलडपाशी, तुम्ही म्हणालात, "एक्केचाळीस वर्षं माझ्या बहिणीनं याचं केलं, आणि या मेल्याला एक थेंब गाळता येईना." सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. मी बोलणार होतो, पण जीभ टाळ्याला चिकटली होती. तुम्हाला तो माज वाटला.

ताई, ती गोळी होती. ॲलर्जीच्या गोळ्यांच्या आमच्याकडे दोन बाटल्या. पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची. गुलाबीनं नाक, डोळे, तोंड सगळं कोरडं पडतं आणि माणूस आडवा होतो. (आमच्या पाद्र्यानं एकदा ती घेऊन स्वतःच्याच प्रवचनात डुलकी काढली. गावाला ते प्रवचन फार आवडलं.) हे सगळं मला परवा औषधांच्या दुकानातल्या मुलीनं सांगितलं. घरी मी टीव्हीवरची नजर न काढता हात पुढे करायचो, लोरीन गोळी ठेवायची, मी गिळायचो. त्या दिवशी चारचौघांत नाक गळायला नको म्हणून दोन घेतल्या, दोन्ही गुलाबी. मला रडायचं होतं हो. फार रडायचं होतं.

वीस तारखेला तिच्या कबरीवर दगड बसवणार आहेत. तुम्ही या. मी गोळी घेणार नाही. जे वाहील त्यातलं सीडरचं किती आणि माझं किती, ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
हिल्मर

ता. क. तुमचं सॅलडचं काचेचं भांडं घासून ठेवलंय. ते न्यायला तरी या.

आणखी एक. तुम्ही विचाराल, लोरीन दर रविवारी माझी सकाळच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी भरायची, त्या डबीचं काय झालं. आहे. रविवारी तिनं भरली आणि बुधवारी ती गेली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अजून भरलेले आहेत. आज चष्मा लावून शनिवारच्या झाकणातून पाहिलं, आत पांढरीच आहे. अंत्यविधीच्या त्या शनिवारी सकाळी तेवढा कप्पा उघडायचा होता, पण माझा हात होईना, म्हणून बाटलीतून घेतल्या. तिनं माझ्यासाठी केलेलं आता तेवढंच उरलंय. मी नवी डबी आणलीय. आलात की ती भरून द्याल का? जुनीला हात लावू नका.