मर्लिनच्या ताब्यातली इंजिनं

प्रिय रिचर्ड,

मर्लिन बारावी सोडून बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागली, तेव्हा तू कुवेतहून फोनवर म्हणाला होतास, "डिग्री नसली तर तिका कोण विचारतलो?"

गेल्या रविवारी पर्यटकांची बोट समुद्रात बंद पडली. लाटा तिला खडकांकडे ढकलत होत्या. मर्लिन होडीने तिथे पोचली, इंजिन चालू केलं आणि सगळ्यांना सुखरूप किनाऱ्याला आणलं.

काल त्या बोटीचे मालक गंगारामशेठ घरी आले. म्हणाले, "फ्रान्सिस्का, माका तिची डिग्री नको, तिचो हात होयो. आजपासून माझ्या सगळ्या बोटींची इंजिना तिच्या ताब्यात." शेजाऱ्यांनाही ऐकू जावं म्हणून मी दार उघडंच ठेवलं होतं.

हे पत्र मात्र तुला पाठवणार नाही. मर्लिनने बजावलंय, "मम्मी, मामाक कळवू नको. तो इलो काय मीच तेका बोटीतून फिरवतलंय."

तुझी बहीण आणि मर्लिनची आई,
फ्रान्सिस्का