सातवी बाटली

ता. ४ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांडपाण्याच्या चाळीस बाटल्या तपासून झाल्या, हाती भोपळा. दवाखान्याने आईच्या नमुन्यातून काढलेले ते जंतू माझ्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये ठणठणीत आहेत आणि आई नाही, या विचाराने रोज सकाळी माझं डोकं फिरतं. मला त्यांना मारणारा विषाणू हवाय. फेज म्हणतात त्याला. बशीभर जंतू वाढवायचे, वर गाळलेलं सांडपाणी सोडायचं. त्यात फेज असेल तर तेवढ्या जागी जंतू मरून स्वच्छ ठिपका पडतो. पण असा फेज बहुधा त्याचं भक्ष्य मुक्कामाला असतं तिथेच सापडतो, आणि ते कुठे होतं कोण सांगणार?

महिनाअखेर ठिपका दिसला नाही तर काम बंद, असं सरांनी बजावलंय. तू तरी तिकडच्या गटारांचं पाणी पाठव. नाहीतरी लहानपणी तुझा मुक्काम त्यातच असायचा.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी धाकटी

ता. ११ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नंबर घालून सात बाटल्या पाठवतोय. सहा गटारांच्या. खोक्यात एक खण रिकामा राहत होता, म्हणून सातवीत आपल्या खाणावळीतल्या चिरायच्या लाकडी पाटाचं धुवण भरलं. तुझी वहिनी म्हणते, आता पाटालाही कॉलेजात घाला.

काल स्वयंपाकाच्या मावशी पुन्हा आल्या होत्या, कामावर घ्या म्हणून. मी शिळं वाढलं नाही हो, म्हणत रडल्या. तेरा वर्षं होत्या, पण आईला शिळं चिकन वाढणाऱ्या बाईला मी दारातही उभं केलं नाही.

जेवत जा वेळेवर. लोभ आहे, तो असू दे.
तुझा दादा

ता. २९ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ठिपके पडले. टाचणीच्या डोक्याएवढे, स्वच्छ. फेज वेगळा करून आणखी अठरा रुग्णांकडून मिळालेल्या त्याच जातीच्या जंतूंवर सोडला. एकालाही शिवला नाही. मारतो ते फक्त आईचेच. सर खूश आहेत. मला दोन दिवस जेवण गेलं नाही, पण ते जाऊ दे.

दादा, तो पाट जाळून टाक. आणि मावशींना परत बोलाव. कारण विचारू नकोस.

लोभ असू दे.
तुझी धाकटी

ता. ६ जुलै
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

एवढं लिहिलंस, बाटलीचा नंबर तेवढा लिहिला नाहीस. फेज कुठे सापडतो हे तूच शिकवलंस, आणि मी अगदीच ढ नाही. त्या दुपारी गर्दी होती. कच्चं चिकन कापून मी पाट नुसता फडक्याने पुसला आणि त्यावरच आईसाठी काकडी चिरली. मावशी म्हणाल्या होत्या, पाट धुऊन घ्या. मी त्यांच्यावर खेकसलो.

काल त्यांच्या खोलीवर गेलो. कुलूप आहे. शेजारी म्हणाले, काम मिळेना म्हणून सामान घेऊन गेल्या. कुठे, कोणालाच माहीत नाही.

नंबर कळव. मला ठाऊक आहे, तरी तुझ्या अक्षरात हवा. लोभ असावा असं कुठल्या तोंडाने लिहू?
तुझा दादा

ता. ९ जुलै
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सात.

लोभ होता तेवढाच आहे.
तुझी धाकटी